सीपीएलची नोंदवही: मेडिकलपासून परवान्यापर्यंत

12 जून 2023. क्लास 2 मेडिकल

कमर्शियल पायलट लायसन्सच्या वाटेला लागलेल्यांसाठी या नोंदी ठेवते आहे. थिअरी पुस्तकांत आहे. इथे काय अडलं, कशाने सुटलं आणि पैसे कुठे गेले एवढंच.

पहिला खर्च मेडिकलचाच करा. आधी फ्लाइंग स्कूलची ॲडमिशन फी भरून मग मेडिकलला जाणारे बरेच भेटतात. रंग ओळखण्याच्या इशिहारा चाचणीत ठिपक्यांमधले आकडे दिसले नाहीत तर त्यावर चष्मा, औषध, ऑपरेशन काहीच चालत नाही, आणि भरलेली फी परत मिळवताना नाकी नऊ येतात. मला उणे दोनचा चष्मा आहे. त्याने अडत नाही. सीपीएलला पुढे क्लास 1 मेडिकल लागतं, त्यासाठी चष्म्यासह प्रत्येक डोळा निदान 6/9 आणि दोन्ही मिळून 6/6 लागतात. उडताना दुसरा जादा चष्मा जवळ ठेवायचा.

माझं अडलं ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत. आठवडाभर सर्दी होती, उजव्या कानाचा आलेख खाली आला. डॉक्टर म्हणाले, "सर्दी पूर्ण जाऊ दे, कान साफ करून घे, मग ये." त्यांचं ऐकलं आणि पुढच्या खेपेला आलेख सरळ आला. सर्दीत मेडिकलची तारीख घेऊ नका.

28 जुलै 2023. नावाची भानगड

कॉम्प्युटर नंबर (उमेदवार क्रमांक) मिळाल्याशिवाय डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षेला बसता येत नाही. माझा अर्ज परत आला. कारण नाव. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. प्रोफाइल आधारप्रमाणे भरलं होतं आणि कागद जोडले होते बोर्डाचे.

उपाय: डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरचं प्रोफाइल दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे केलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडलं. आपल्याकडच्या मुलामुलींनी हे पहिल्याच दिवशी तपासावं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणीही लागते. मी सांगली जिल्ह्यातली, म्हणून माझं काम कोल्हापूर विभागीय मंडळात. हा अर्ज मेडिकलच्या आधीच टाकून ठेवायचा, कारण त्यासाठी दुसऱ्या कुठल्याच कागदाची वाट बघावी लागत नाही.

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नसतील तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) तेवढे दोन विषय देता येतात. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने कॉमर्सनंतर तसंच केलं.

4 सप्टेंबर 2023. कर्ज

क्लास 1 मेडिकल हातात आलं आणि त्यानंतरच बाबा आणि मी बँकेत गेलो. मोठ्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतंच. बाबांनी सातबारा पुढे केला. मॅनेजर म्हणाले, "साहेब, शेतजमीन नको. एनए प्लॉट किंवा घर असेल तर बघू." कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर बँकेला वसुली करता येत नाही, म्हणून बहुतेक बँका ती घेतच नाहीत. शेवटी राहतं घर गहाण पडलं. आई त्या दिवशी काही बोलली नाही, तिने फक्त सगळ्या कागदांची झेरॉक्स काढून एका फाइलमध्ये लावली. ती फाइल अजून वापरते आहे.

दोन गोष्टी लिहून ठेवते. बँकेचे हप्ते आणि संस्थेचे हप्ते यांचं वेळापत्रक जुळवून घ्या. संस्थेला पैसे आगाऊ हवे असतात आणि बँक मागच्या टप्प्याचा दाखला मागते. दुसरं, परतफेडीची सवलत कोर्सचा काळ अधिक एक वर्ष अशी असते, पण व्याज पहिल्या हप्त्यापासूनच चढत राहतं. कोर्स लांबला की ते सगळं आपल्याच डोक्यावर.

20 जानेवारी 2024. पेपर

एअर रेग्युलेशन्स आणि मेटिऑरॉलॉजी सुटले. नेव्हिगेशन राहिलं. पास व्हायला 70 टक्के लागतात.

मेटचं भारतीय हवामान मनापासून आवडलं. सोमाली जेट, पूर्वेकडचा जेट (हे वेगवान वाऱ्यांचे पट्टे), बंगालमधली कालबैसाखी वादळं, केरळ-कर्नाटकातल्या आंबेसरी. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला यातलं अर्धं आधीच माहीत असतं, फक्त नावं वेगळी.

नेव्हिगेशनचं गणित येत होतं, वेळ पुरली नाही. फ्लाइट कॉम्प्युटरच्या, म्हणजे हाताने फिरवायच्या गणिती तबकडीवर वारा मांडायला फार वेळ जात होता. आता रोज सकाळी घड्याळ लावून फक्त वाऱ्याचे त्रिकोण. साठास एकचा नियम तोंडी: 60 मैल गेल्यावर 4 मैल बाजूला असाल तर मार्ग 4 अंशांनी चुकलाय. उत्तर अंदाजे आधी काढायचं, तबकडी नंतर फिरवायची. अंदाज आणि तबकडी जुळली नाहीत तर कुठेतरी वारा उलटा धरलाय.

22 मार्च 2024. संस्था निवडताना

नेव्हिगेशन आणि टेक्निकल जनरल सुटले. पेपर झाल्यावरच फ्लाइंगला जायचं हा निर्णय बरोबर ठरला, असं इथे आल्यावर दिसलं. पेपर बाकी असलेली मुलं सकाळी उडतात, दुपारी झोपतात, रात्री पुस्तक उघडतात आणि दोन्हीकडे मागे पडतात.

संस्थेचं नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातली आहे. भेटीला गेलात तर ऑफिसात बसू नका, हँगरमध्ये जा. किती विमानं आहेत हे विचारू नका, आज उडण्याजोगी किती आहेत ते विचारा. मग एका विमानामागे किती विद्यार्थी, किती इन्स्ट्रक्टर, धावपट्टीवर रात्रीचे दिवे आहेत का, आयआरच्या (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, फक्त उपकरणांवर बघून उडण्याचा दाखला) टेस्टला चालेल असं विमान कोणतं आणि ते बंद पडलं तर दुसरं आहे का. हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. त्याचं पुढे येईलच.

माझं पॅकेज 46 लाखांचं, राहणं-जेवण वेगळं.

18 एप्रिल 2024. उन्हाळा

सेस्ना 152 वर सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या सरावफेऱ्या, सुरू आहेत. दुपारी विमान वर चढायलाच तयार नसतं. मॅन्युअलमध्ये समुद्रसपाटीला चढण्याचा वेग मिनिटाला 715 फूट दिलाय. काल दुपारी 400 सुद्धा मिळाला नाही. इंजिनात दोष नव्हता. आम्ही साधारण 1900 फुटांच्या पठारावर आहोत. त्या उंचीला प्रमाण तापमान 11 अंश धरतात. काल 38 होतं. फरक 27 अंशांचा, दर अंशाला 120 फूट, म्हणजे 3200 फुटांची भर. हवा इतकी विरळ की विमानाला वाटतंय की ते 5100 फुटांवरूनच उडतंय. पेपरात हे गणित सोडवलं होतं, पण धावपट्टीच्या टोकाची बाभूळ जवळ यायला लागल्यावर ते खरं कळतं.

तोडगा: सकाळी सहाचा स्लॉट मागून घेतला. तो स्लॉट कोणीतरी नको म्हणत असतंच, तो पकडायचा.

लँडिंगला विमान शेवटच्या क्षणी वर फुगत होतं. इन्स्ट्रक्टर सरांनी एकच सांगितलं, "नाकासमोर बघू नकोस, पट्टीच्या लांबच्या टोकाकडे बघ." नजर जवळ असली की जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि हात आपोआप स्टिअरिंग ओढतो. नजर लांब गेल्यावर विमान किती बुडतंय ते डोळ्याच्या कडेने कळतं. या महिनाअखेरीला सोलो, म्हणजे एकटीने उड्डाण.

16 मे 2024. मॅग ड्रॉप

सोलोला निघाले होते. धावपट्टीजवळ तीन विमानं रांगेत, इंजिन चालू ठेवून बराच वेळ थांबावं लागलं. रन-अपमध्ये (टेक-ऑफआधीच्या इंजिन तपासणीत) 1700 आरपीएमला डावा मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग, तपासला तर आरपीएम 150 पेक्षा जास्त पडला आणि सगळी केबिन थरथरायला लागली. घसरणीची मर्यादा 125 ची, आणि दोन्ही मॅग्नेटोंमधला फरक 50 पेक्षा जास्त नको.

या विमानांच्या 100 एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं. पेट्रोल-हवेचं मिश्रण दाट ठेवून हळू गतीवर इंजिन चालत राहिलं की ते प्लगवर बसतं. मिक्स्चर मागे ओढून पातळ केलं, आरपीएम 2000 ला नेला, मिनिटभर ठेवलं, पुन्हा तपासलं. घसरण 75 वर आली, थरथर गेली. दोनदा करूनही गेली नसती तर परत फिरायचं, असं सरांनी आधीच बजावलेलं होतं.

संध्याकाळी इंजिनिअर काकांनी खालच्या बाजूचा एक प्लग काढून दाखवला. दोन टोकांच्या मधोमध बाजरीच्या दाण्याएवढी करडी गोळी अडकलेली. बोट लावायला गेले तर म्हणाले, "हात लावू नको, शिसं आहे." तेव्हापासून टॅक्सी करतानाच मिक्स्चर थोडं पातळ ठेवते आणि टेक-ऑफआधी पूर्ण आत ढकलते. चेकलिस्टवर ती ओळ बोटाने दाबून वाचते.

30 जून 2024. पाऊस लागला

व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून करायच्या, उड्डाणाला 5 किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांचा तळ निदान 1500 फुटांवर लागतो. गेल्या आठवड्यात दोन्ही एकत्र मिळालेच नाहीत. प्री-फ्लाइटला इंधन काढून बघितलं की निळ्या पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थेंब दिसतो. रात्रभराच्या दमटपणाने टाकीत पाणी साठतं. ते जाईपर्यंत काढत राहायचं.

जूनच्या तोंडावर ॲडमिशन घेऊन लगेच फ्लाइंगला येऊ नका. आमच्या बॅचमध्ये जे जूनमध्ये आले ते खोलीभाडं आणि मेस भरत बसलेत. मी मात्र हे महिने आयआरसाठी ठेवले. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला 40 तास इन्स्ट्रुमेंटचे लागतात आणि त्यातले 20 पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. सिम्युलेटरला पाऊस लागत नाही.

9 ऑगस्ट 2024. आरटीआर

रेडिओचा परवाना. तेव्हा दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी विभाग परीक्षा घ्यायचा. मुंबईला दिली. पहिल्या भागात परीक्षक टॉवर होतो, तुम्ही विमान. दुसऱ्यात तोंडी प्रश्न. दुसरा भाग बरा गेला, पहिल्यात नापास झाले.

इंजिन बंद पडल्याचा प्रसंग दिला होता. मेडे (संकटाची हाक) तीनदा म्हटलं, मग घाईत आधी स्थान सांगितलं, मग अडचण, मग आठवलं म्हणून कॉल साइन (विमानाचं रेडिओवरचं नाव). क्रम असा हवा: ज्याला हाक मारतोय तो, आपलं कॉल साइन, अडचण काय, आपण काय करणार, कुठे आहोत, किती उंचीवर, कुठल्या दिशेला. या क्रमामागे कारण आहे. रेडिओ मध्येच तुटला तरी सगळ्यात गरजेची माहिती आधी पोचलेली असावी. हे समजल्यावर पाठांतराची गरज उरली नाही.

आता मी आणि मैत्रीण रोज संध्याकाळी चालताना एक टॉवर, एक विमान असं बोलतो आणि फोनवर रेकॉर्ड करतो. स्वतःचं ऐकल्यावर कळलं की क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेच्या दाबाचा आकडा) आणि धावपट्टीचा आकडा मी परत वाचून दाखवतच नव्हते. पुढच्या सत्रात तो भाग सुटला.

जोड, 2025: 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 लागू झाला आणि आरटीआर दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आला. जुन्या नोट्स वापरणाऱ्यांनी अर्ज कुठे करायचा ते नव्याने बघावं.

15 सप्टेंबर 2024. जीएसटी

9 सप्टेंबरच्या 54व्या जीएसटी परिषदेत ठरलं की डीजीसीएमान्य संस्थांमधल्या मान्य फ्लाइंग कोर्सला जीएसटी नाही. या विषयावर आत्तापर्यंत ज्याचं त्याचं मत होतं. माझ्या दोन हप्त्यांत तो धरलेला होता. लेखी विचारलंय. पुढे येणाऱ्यांनी कोटेशनमध्ये ती ओळ आहे का ते सही करण्याआधी बघावं. 46 लाखांवर ती ओळ लहान नसते.

24 नोव्हेंबर 2024. लांबची क्रॉस-कंट्री

सीपीएलला एकूण 200 तास, त्यातले 100 पायलट-इन-कमांड, आणि किमान 300 सागरी मैलांची एक क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळांपर्यंतचं लांब उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. माझा मार्ग छत्रपती संभाजीनगर, जळगाव आणि परत. सेस्ना 172.

उड्डाणापेक्षा निघणं अवघड होतं. फ्लाइट प्लॅन टाकला, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर आला, हवाई दलाकडचा एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) नंबर येईना. तो आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. तो आला तोवर दृश्यमानता गेली. आमच्याकडे गाळप हंगाम सुरू झालाय, ऊस तुटला की पाचट पेटवतात आणि थंडीच्या सकाळी तो धूर वर जात नाही, पठारावर चादरीसारखा पडून राहतो. टॉवरने 4 किलोमीटर दिलं. ऊन तापून धूर उठेपर्यंत थांबले.

एवढ्यात वेळेचं गणित बदललं. संभाजीनगरला प्रवासी विमानाची वेळ गाठली गेली आणि मला बाहेरच फेऱ्या मारत ठेवलं. जळगावहून परतीला सूर्यास्ताआधी किती वेळ उरतो ते मी हवेतच पुन्हा मोजलं. उरत होता. उरला नसता तर जळगावला मुक्काम करायचा, हे सरांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं आणि पिशवीत एक ड्रेस, चार्जर आणि पैसे होते. तेवढ्या तयारीनेच डोकं शांत राहतं. पेट्रोल निघतानाच पूर्ण भरलं, कारण या विमानांचं पेट्रोल मोठ्या विमानतळावरही मिळेलच असं नाही.

परतीच्या वाटेवर सगळी गोदावरी खाली पसरलेली दिसली, जायकवाडीचं पाणी उन्हात. घरी फोन करून आईला एवढंच सांगितलं.

19 डिसेंबर 2024. रात्र

सीपीएलला 5 तास रात्रीचे लागतात, त्यात पायलट-इन-कमांड म्हणून 10 टेक-ऑफ आणि 10 लँडिंग. धावपट्टीच्या आजूबाजूला नुसता ऊस, एकही दिवा नाही. अशा काळोखात आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि हात विमान खाली नेतो. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, दर थोड्या वेळाने उंची मोठ्याने म्हणायची. खुणेला साखर कारखान्यांचे दिवे कामाला आले. हंगामात ते रात्रभर पेटलेले असतात. हंगाम संपला की ही खूण नाहीशी होते, म्हणून फक्त त्यावर विसंबू नका.

27 फेब्रुवारी 2025. सहा महिन्यांची खिडकी

ही नोंद सगळ्यात नीट वाचा.

परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत सगळ्या स्किल टेस्ट झालेल्या हव्यात: दिवसाची जनरल फ्लाइंग टेस्ट, रात्रीची, दिवसाची 250 मैलांची क्रॉस-कंट्री, रात्रीची 120 मैलांची. रात्रीची ती 10 लँडिंगही त्याच सहा महिन्यांतली, शिवाय 15 तास पायलट-इन-कमांडचे. माझ्या रात्रीच्या टेस्ट डिसेंबरात झाल्या आणि जानेवारीत आयआरचं विमान एका सुट्या भागासाठी बंद पडलं. दुसरं विमान नाही. भाग परदेशातून यायचा. आठवडे गेले.

जूनपर्यंत अर्ज गेला नाही तर रात्रीचं सगळं पुन्हा, आणि ते तास पॅकेजच्या बाहेर, तासाच्या दराने. मी भिंतीवर एक कागद लावला. प्रत्येक गोष्टीसमोर ती केव्हा झाली ते नाही, केव्हा संपते ते लिहिलं: मेडिकल, प्रत्येक टेस्ट, रात्रीची लँडिंग, इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला. तो कागद घेऊन सीएफआय (चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर) सरांकडे गेले. तोंडी गाऱ्हाणं दोन महिने करत होते. कागद बघितल्यावर सरांनी विमान परत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात माझं नाव लावलं, कारण तारखा सगळ्यांत जवळच्या माझ्या होत्या. आता बॅचमधल्या सगळ्यांनी तसे कागद केलेत.

टेस्ट जमतील तितक्या जवळजवळ लावा आणि ज्या टेस्टचं विमान एकच आहे ती आधी द्या. माझा क्रम उलटा होता.

11 एप्रिल 2025. अर्ज

लॉगबुकच्या एका पानाची बेरीज दहा मिनिटांनी चुकली होती आणि पुढची सगळी पानं त्यावर चढलेली. व्हाइटनर लावायचा नाही. चुकीवर एक रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, आणि सीएफआयची सही. विमानाच्या टेक लॉगशी (विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीशी) प्रत्येक सॉर्टी, म्हणजे उड्डाण, जुळवून बघितली. तास भरल्यावर हे करायला बसलात तर डोळे फुटतात. दर रविवारी करा.

3 जुलै 2025. परवाना

मिळाला. इलेक्ट्रॉनिक आहे, ईजीसीएच्या ॲपमध्ये दिसतो. फेब्रुवारीपासून डीजीसीएने पायलटांना तो द्यायला सुरुवात केली. बाबांनी फोन हातात घेऊन नाव तीनदा वाचलं. आडनाव आधी.

हिशोब: पॅकेज 46 लाख. पावसाळ्यानंतर हात बसवायला लागलेले तास, क्लास, परीक्षा, मेडिकल, प्रवास मिळून साडेचार लाख. राहणं-जेवण पावणेतीन लाख. जीएसटीचं उत्तर अजून यायचंय. आणि हे संपलेलं नाही. एअरलाइनला ए320 किंवा 737 चं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवण्याचा दाखला) लागतं, त्याचे दर मला 15 ते 20 लाख असे मिळालेत. ते मी नोकरीचं पत्र हातात असल्याशिवाय करणार नाही, कारण रेटिंग करून घरी बसलेले सीनियर मी बघितलेत आणि सरावाशिवाय तेही शिळं होतं. मल्टी-इंजिन विमानाचं रेटिंग मात्र आत्ताच, सोमवारपासून. बहुतेक जाहिरातींत ते मागतात.

भिंतीवरचा कागद नव्याने लिहिला. क्लास 1 मेडिकल ऑगस्टमध्ये संपतंय, आयआर पुढच्या मार्चमध्ये. दोन्हींच्या तारखा मागून घेतल्यात. तोवर कान सांभाळायचे आणि पावसात भिजायचं नाही.